जस्ताशिवायचा डबा

कात्रप, बदलापूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय अस्मिता,

रविवारी संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसून आपण शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो. वाटणी ठरलेली होती. दोघींचे डावे तू, दोघींचे उजवे मी. तू खडू ओला करून दोन फराटे ओढायचीस आणि उठून पळायचीस. सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत सिस्टर फिलोमिना वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "रंजना, तुझा एक पाय स्वर्गात आणि एक चिखलात." पुढच्या रांगेतून तुझे खांदे हसताना दिसायचे. मी कधी तक्रार केली नाही. मला ते आवडायचं.

आजही रविवार आहे आणि मी तुझ्या मुलाचा डबा भरला आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या पुडीची धिरडी. चार पाण्यांनी धुतलेल्या तांदळाचा भात. साबुदाण्याची पेज, साखर, तेल. डाळ नाही, तीळ नाही, शेंगदाणे नाहीत, दूध नाही, मासळी नाही. आगऱ्याच्या घरात वाढलेल्या पोराला मासळी नाही! पाणीसुद्धा दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड. नोव्हेंबरात नऊ दिवसांसाठी टोरांटोहून आलीस, जाताना या यादीचा कागद फ्रिजवर चिकटवून गेलीस. बारा वर्षांपूर्वी अंबरनाथच्या कंपनीत आपण उंदरांना हेच घालायचो. तेव्हा त्याच्या गोळ्या वळायचो, एवढाच फरक.

नऊ आठवडे झाले. रोज सकाळी रिक्षाने बारवीच्या रस्त्याला जाते, तू गंधारला ठेवलंस त्या व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकावर डबा देते. फक्त गंधारला. बाकीची मुलं केंद्रातली डाळ-भाजी खातात. व्यवस्थापक नरेंद्र मला पाहिलं की हात जोडतो. "मॅडम, आपला पेशंट एक नंबर. बाकीची पोरं रोज राडा करतात. हा काय मागतच नाय."

काल मी मुद्दाम एक गोष्ट केली. साबुदाण्याच्या पेजेत साखरेऐवजी मीठ घातलं, चांगलं तीन चमचे. आत जाऊन त्याच्यासमोर बसून बघत राहिले. त्याने पूर्ण वाटी संपवली.

"कशी होती रे?"

"चांगली होती, मावशी."

मागच्या वर्षीपर्यंत हाच मुलगा आमटीत कोकम कमी पडलं तर ताट सरकवायचा. मी चिडायचे. काल घरी येऊन मी त्या चिडण्यासाठी रडले.

डिसेंबरात मी हे तुला फोनवर सांगायला लागले, तर तू फोन ठेवलास. त्यानंतर उचलला नाहीस. म्हणून हाताने लिहिते आहे. खालचा झेरॉक्सवाला अल्पेश स्कॅन करून तुला मेल करतो. "आंटी, आजकल लेटर कौन लिखता है? व्हॉइस नोट डालो ना," म्हणाला. त्याला म्हटलं, ती मध्येच बंद करता येते.

मला हा डबा बंद करायचा आहे. तुझी परवानगी हवी आहे. अजून तरी मागते आहे.

तुझी
ताई


रविवार, १९ जानेवारी

अस्मिता,

तुझं उत्तर मिळालं. पाच ओळी. मी त्या वहीत उतरवून घेतल्या, म्हणजे नंतर तू "मी असं म्हणाले नव्हते" असं म्हणू नयेस. "ताई, जस्त कमी केल्यावर ओढ कमी होते हे आपण दोघींनी डोळ्यांनी पाहिलंय. अजून सहा आठवडे. चव परत येते. तो जिवंत आहे, हे विसरू नकोस. भावनेच्या भरात काही बिघडवू नकोस."

तो जिवंत आहे. हे तू मला सांगतेस?

उल्हासनगरात कॅम्प तीनच्या त्या गल्लीत, बंद दुकानाच्या पायरीवर तो सापडला तेव्हा कोण गेलं होतं? खोकल्याच्या औषधाच्या सात रिकाम्या बाटल्या त्याच्या पोत्यासारख्या बॅगेत होत्या. त्याच्या तोंडाचा तो गोड वास अजून माझ्या त्या साडीला आहे असं वाटतं. "दोन वर्षांसाठी ठेव गं ताई," म्हणून बारा वर्षांचा मुलगा तू माझ्या दारात सोडलास. आज तो चोवीसचा आहे. त्याची दाढी पहिल्यांदा मी पाहिली, त्याची पहिली बाटलीही मीच पाहिली, आणि पहिली पाहून गप्प बसले. तो दोष माझा. तो मी मान्य करते. पण जिवंत आहे ही बातमी तू मला देऊ नकोस.

आणि डोळ्यांनी पाहिलंय म्हणतेस, तर काय पाहिलं तेही बोलू. दोन खोल्यांची पेटी होती. एका खोलीच्या भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या, दुसरीच्या साध्या. पट्ट्यांच्या खोलीत उंदराला मॉर्फीन टोचायचं, साध्या खोलीत मिठाचं पाणी. आठ दिवस. मग मधलं दार उघडायचं आणि काहीही न टोचता बघायचं, तो आपणहून कुठे जातो. नेहमीचं खाणारे उंदीर पट्ट्यांच्या खोलीत पळत जायचे. तिथे काही नसलं तरी कोपरे हुंगत बसायचे. जस्ताशिवायचं खाणारे गेले नाहीत. ते दारातच बसून राहिले.

तू टाळ्या वाजवल्यास. मीही वाजवल्या. कंपनीच्या कँटीनमध्ये सगळ्यांना जिलबी वाटली होती. त्या प्रयोगाच्या निबंधावर तुला परदेशात जागा मिळाली.

परवा केंद्रात गेले तेव्हा गंधार व्हरांड्यात बसला होता. आतही नाही, अंगणातही नाही. समोर मुलं क्रिकेट खेळत होती. चेंडू येऊन त्याच्या पायाला लागला. त्याने तो उचलून दिला नाही, लाथाडलाही नाही.

एक पोरगा ओरडला, "ए स्टॅच्यू! बॉल दे ना यार!"

नरेंद्र मला म्हणतो, "बघा मॅडम, किती शांती आहे चेहऱ्यावर."

मी त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. डिसेंबरात केंद्राच्या पायरीवर नडगी खरचटली होती, आठवतं? फोटो पाठवला होता तुला. ती जखम अजून ओली आहे. सहा आठवडे! ओठांच्या कडा फुटल्या आहेत. उशीवर मूठभर केस होते. मी ते रुमालात गुंडाळून आणले. वेडी म्हण मला.

तू शास्त्रज्ञ आहेस, मी उंदरांची आया. पण जस्त नसलं की जखम भरत नाही, हे मला तूच शिकवलं होतंस.

ताई


गुरुवार, ३० जानेवारी

अस्मिता,

या वेळी तुझ्याकडून ओळसुद्धा नाही. ठीक. आता मी जे लिहिणार आहे ते बारा वर्षं लिहिलं नाही. तुझ्यावरचा राग लिहायला सोपा आहे. हे तसं नाही.

काल तुळशीकडे गेले होते. आपल्या अॅनिमल हाऊसची तुळशी. पिंजरे धुणारी, भुसा बदलणारी. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. आता गुडघे धरलेत, पण तोंड तसंच आहे. मला बघून म्हणाली, "बाय, केवडी बारीक झालीस! कुणाचा उपास करतेस?"

म्हटलं, गंधारला डबा देऊन आले की मला जेवण जात नाही.

सगळं सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. थांबली.

"म्हंजे त्या शनवारच्या उंदरांसारखा झालाय तो?"

बघ. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिला एका वाक्यात कळलं.

तुला शनिवार माहीत आहे. नाही म्हणू नकोस. एमआयडीसीच्या फाटकाजवळच्या मारुतीला तुळशी दर शनिवारी जायची आणि प्रसादाचे फुटाणे-शेंगदाणे पदराच्या टोकाला बांधून आणायची. मुक्या जिवाला चार दाणे दिल्याशिवाय शनिवारी ती घरी जात नसे. तिच्या आजीपासूनचा नेम. अॅनिमल हाऊसमध्ये बाहेरचा कण आणायला बंदी होती. जस्ताच्या प्रयोगात तर एका शेंगदाण्यानेही सगळं बिघडलं असतं. मला तिसऱ्या शनिवारी कळलं. मी तिला ओरडले. ती म्हणाली, "ओरडू नको बाय. ज्यांना तुमी बिनजस्ताचा घालता ते खातच नायत. बग."

आणि तिने मला दाखवलं. नेहमीचं खाणाऱ्यांच्या पिंजऱ्यात दाणा टाकला की झुंबड. मागचे पाय धरून ओढायचे एकमेकांना. जस्ताशिवायच्या पिंजऱ्यात दाणा नाकासमोर पडला तरी कोणी हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाणा तिथेच. एक मादी व्यालेली होती. तिची पिल्लं पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली होती. तिने त्यांना ओढून आणलं नाही. तुळशीने एकेक पिल्लू उचलून तिच्या पोटाशी लावलं. ती नुसती बघत राहिली.

मी ते रोजच्या निरीक्षणवहीत लिहिलं नाही. माझ्या स्वतःच्या वहीत लिहिलं, तारखेसकट. अधिकृत वहीत लिहिलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, दाणा आत आला कसा? तुळशीची नोकरी गेली असती. तुझा प्रयोग रद्द झाला असता. माझ्यावरही वरिष्ठांपुढे उभं राहायची पाळी आली असती. मी तुळशीला म्हटलं, यापुढे आणू नकोस आणि आणलेलं विसर.

पण तुला सांगितलं होतं, अस्मिता. कँटीनमध्ये, जिलबीच्या आधी. तू पेन्सिल चावत ऐकलंस आणि म्हणालीस, "ताई, आपण तो प्रश्न विचारलाच नव्हता. आपला प्रश्न मॉर्फीनचा."

मग तू तो कागद पुढे केलास. "सर्वसाधारण वर्तनात फरक आढळला नाही." खाली माझी सही. मी पूर्ण वाक्य वाचलं, आणि सही केली. तुला जायचं होतं, आणि मला तुला पाठवायचं होतं. माझी धाकटी बहीण विमानाने जाणार, या एका गोष्टीसाठी मी तो कागद खरा केला.

त्या उंदरांनी मॉर्फीन सोडलं नव्हतं. त्यांनी हवं असणंच सोडलं होतं. मॉर्फीन त्यातच गेलं, दाण्याबरोबर, पिल्लांबरोबर. आपण त्याला यश म्हटलं. आणि आता तुझ्या मुलाला नरेंद्र शांत म्हणतो.

मला माहीत आहे तू घाबरलीस. नोव्हेंबरात तू त्याच्या खाटेशी बसून त्याचा श्वास मोजत होतीस, मी दारातून पाहिलं. घाबरलेल्या आईचा मला राग येत नाही. पण तू भीती बाजूला ठेवून आई झाली नाहीस. तू भीती घेऊन प्रयोगशाळेत गेलीस. आणि मी, सगळं माहीत असून, नऊ आठवडे, आता अकरा, माझ्या हाताने तांदूळ धुतले. कारण तू म्हणालीस. कारण डॉक्टर तू आहेस. कारण पुन्हा त्या पायरीवर तो सापडण्यापेक्षा व्हरांड्यात बसलेला मला बरा वाटला. हे शेवटचं कारण मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

तुळशीने निघताना विचारलं, "मंग आता काय करशील?"

म्हटलं, उद्या डबा नेणार नाही.

"डबा नको नेऊस. पोरगा आन."

रंजना


मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉ. अस्मिता यांस,

कळवण्यात येतं की गंधार शुक्रवारपासून कात्रपला माझ्या घरी आहे.

नरेंद्र आडवा आला. "मॅडम, डॉक्टर मॅडमची परमिशन लागेल."

म्हटलं, मुलगा सज्ञान आहे, त्याची परवानगी घ्या.

त्याने सुटकेचा कागद गंधारपुढे ठेवला. गंधारने पेन घेतलं आणि सही केली. वाचलं नाही. कुठे जायचं आहे विचारलं नाही. नोव्हेंबरात तुझ्या संमतिपत्रावरही अशीच सही झाली होती का? तेव्हा तो औषधाच्या गुंगीत होता. आता तुझ्या आहाराच्या. शुद्धीतल्या माणसाची सही तू अजून मिळवलेली नाहीस.

रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला. रिक्षावाल्याने आरशातून पाहून विचारलं, "आजारी आहे का हो?" मी म्हटलं, नाही, उपाशी आहे.

डॉक्टर उमा यांना दाखवलं. तरुण आहे, तडकफडक बोलते. जखम पाहिली, ओठ पाहिले, केस ओढून पाहिले, ते तिच्या हातात आले. रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाली, "काकू, एवढं कमी जस्त मी पुस्तकात वाचलं होतं. याला कोण खायला घालत होतं?"

"मी."

"आणि सांगितलं कुणी?"

"याच्या आईने. ती शास्त्रज्ञ आहे."

तिने रिपोर्टची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "नसती तर बरं झालं असतं." आणि खाली बघून औषध लिहायला लागली.

तिने जस्ताच्या गोळ्या दिल्या आहेत, मापाने, तिच्या देखरेखीखाली. तिने हेही स्पष्ट सांगितलं की भूक परत येईल तेव्हा ओढही परत येऊ शकते, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे आजच नाव घालायला लावलं. म्हणजे ती तुझ्यासारखी नाही. तिने मला आधीच सगळं सांगितलं.

मी तुझी परवानगी मागितली होती, तो अर्ज परत घेते.

रंजना


शनिवार, २२ फेब्रुवारी

अस्मिता,

काल रात्रीचा तुझा मेल वाचला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तो पाच ओळींपेक्षा मोठा होता. तू लिहिलंस, "माझं करिअर संपवू नकोस, ताई." मुलाची जखम भरली का, हे विचारायला विसरलीस. भरते आहे. खपली धरली.

आता ऐक, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको.

नवव्या दिवशी त्याने ताटातली भाजी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, खारट झालीये." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, जवळा कर ना, कांदा घालून. मी बाजारात जाऊन जवळा आणला, शेजारच्या पाटीलबाईंना वास गेला, त्या म्हणाल्या, "काय हो, आज कुणाचं लग्न?" मी म्हटलं, आमच्या पोराला भूक लागलीये.

चौदाव्या दिवशी त्याने बाटली मागितली.

तू आत्ता टेबलावर हात आपटलास, मला दिसतंय. हो. तू म्हणालीस तसंच झालं. त्याने आधी हळू मागितली, मग शिव्या दिल्या. मला, तुला, सिस्टर फिलोमिनापासून ज्यांची नावं मी त्याला गोष्टींत सांगितली त्या सगळ्यांना. दाराला लाथ मारली, कडी वाकली. मग सकाळी नऊला रिक्षाने उल्हासनगरला गेला. मी मागे गेले नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं फोन चालू ठेवून बसले. अडीच वाजता त्याचाच फोन आला. "मावशी, मी औषधाच्या दुकानासमोर आहे. आत गेलो नाहीये. मला घेऊन जा."

मी गेले. तो घामाने निथळत होता, थरथरत होता, आणि दुकानाकडे पाठ करून उभा होता. हा उंदीर दारात बसलेला नव्हता. याला आत जायचं होतं, सगळ्या अंगाने जायचं होतं, आणि तो गेला नव्हता. तुझ्या पेटीत हे मोजायची सोय नाही.

पुढच्या वेळी जाईलही. मला फसवायचं नाही स्वतःला. आता मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत, गुरुवारी आणि सोमवारी नेते. खूप मोठा रस्ता आहे. पण त्या रस्त्यावर चालणारा माणूस आहे, पुतळा नाही.

आता कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. काही गोष्टी मी देऊन टाकल्या आहेत, काहींचं तुला बघायचं आहे.

माझ्या खाजगी वहीची पहिली प्रत, सगळ्या शनिवारांच्या तारखांसह, ज्या नियतकालिकात आपला निबंध छापला त्यांच्या संपादकांकडे गेली आहे. सोबत माझं निवेदन. सही माझी होती आणि वाक्य खोटं होतं, असं त्यात लिहिलं आहे. तू सांगितलंस म्हणून सही केली असं लिहिलेलं नाही. ते तू लिही, लिहायचं असेल तर.

दुसरी प्रत कंपनीच्या प्राणी नैतिकता समितीकडे. निवेदनात मी तुळशीचं नाव गाळलं होतं. दाणे मी घातले असं लिहिलं होतं. तिने ते वाचून घेतलं आणि भडकली. "उंदीर मी वाडवले, दाना मी घातला, आन नाव तुजं? माजं नाव घाल." तेव्हा नाव आहे, आणि सहीही आहे, तिने स्वतः केलेली. उद्या कुणी तिला त्रास दिला तर तुझ्याकडून तिला पत्र जायला हवं, तुझ्या पदाच्या कागदावर.

तिसरी प्रत नरेंद्रला. मार्चपासून तू बाकीच्या अकरा मुलांवर हा आहार सुरू करणार होतीस, हे त्यानेच मला सांगितलं. आता त्यांच्या घरच्यांना ही प्रत दाखवल्याशिवाय तो सही घेणार नाही. त्याने कबूल केलं आहे. मी पुन्हा जाऊन बघणार आहे.

अंड्याच्या पुडीचे सहा डबे उरले होते. ते खालच्या बेकरीवाल्याला दिले. त्याला केकसाठी लागते.

फ्रिजवरचा तुझा कागद आणि गंधारच्या रक्ताचा रिपोर्ट एका पाकिटात घालून तुला कुरियरने पाठवले आहेत. दोन्ही एकत्र ठेव. वेगवेगळे ठेवलेस तर पुन्हा काहीतरी सिद्ध करशील.

आणि एक राहिलं. परवा दुपारी जवळा खाताना त्याने ताटातून वर न बघता विचारलं, "आई येणारे का?" बाटलीनंतर त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. बारा वर्षं त्याच्या सगळ्या मागण्या मीच माझ्या नावावर घेतल्या, आणि कदाचित तिथेच चुकले. ही घेणार नाही. ही तुझी आहे. उत्तर मला पाठवू नकोस. त्याचा फोन नंबर तोच आहे.

ताई